नखरंगाआडचे दुखणे : कॅलिफोर्नियातील व्हिएतनामी स्त्रियांचा आरोग्यशोध

इ. स. १८८३ च्या फेब्रुवारी महिन्यात, कलकत्त्याजवळील श्रीरामपूर येथील कॉलेजच्या सभागृहात, वयाची अठरा वर्षेही पूर्ण न झालेल्या एका महाराष्ट्रीय स्त्रीने इंग्रजीतून एक भाषण केले. त्या स्त्रीचे नाव आनंदीबाई जोशी. पती गोपाळराव टपाल खात्यात नोकरीस असल्यामुळे बदलीच्या निमित्ताने त्यांचे बिऱ्हाड बंगालात आले होते. आपण वैद्यकशास्त्र शिकण्यासाठी अमेरिकेस का जात आहोत, याचा खुलासा त्यांना करावयाचा होता. हिंदुस्थानात स्त्री-डॉक्टरांची निकड आहे आणि ती भागविण्यास हिंदू स्त्रीनेच पुढे झाले पाहिजे, हे त्यांच्या प्रतिपादनाचे सार होते. १८८६ साली फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयातून त्या पदवीधर झाल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यास त्यांचे निधन झाले. ही हकीकत प्रत्येक मराठी घरास ठाऊक आहे. परंतु ते भाषण महाराष्ट्रात नव्हे, तर परप्रांतात राहणाऱ्या एका मराठी स्त्रीने केले होते, ही गोष्ट मात्र आपल्यासारख्या घर सोडून दूर आलेल्या कुटुंबांनी विशेषेकरून ध्यानात ठेवावी अशी आहे.

आनंदीबाईंच्या त्या म्हणण्याच्या मुळाशी एक साधे सत्य होते. दुखणे अंगावर काढणाऱ्या स्त्रीस ते बोलून दाखविण्यासाठी आपले माणूस आणि आपली भाषा लागते. परक्या मुलखात ही गरज दुणावते. या सत्याचा प्रत्यय देणारी एक कथा आनंदीबाईंच्या नंतर सुमारे शंभर-सव्वाशे वर्षांनी त्याच अमेरिकेत, परंतु तिच्या पश्चिम किनाऱ्यावर घडली. तिच्या नायिका मराठी नव्हेत. त्या व्हिएतनाममधून आलेल्या निर्वासित स्त्रिया होत. सुवर्णमहोत्सवी अंकाच्या वाचकांपुढे ती कथा ठेवावी, असा प्रस्तुत लेखिकेचा हेतू आहे.

३० एप्रिल १९७५ रोजी सायगाव शहर पडले आणि व्हिएतनामचे दीर्घ युद्ध संपले. त्या वर्षी सव्वा लाखाच्या घरात व्हिएतनामी माणसे अमेरिकेत आली. त्यांना प्रथम लष्करी छावण्यांतून ठेवण्यात आले आणि मग त्यांची देशभर पांगापांग झाली. कॅलिफोर्निया राज्यात सॅक्रामेंटो शहराच्या परिसरात ‘होप व्हिलेज’ नावाची एक निर्वासित वसाहत होती. हिचकॉकच्या ‘द बर्ड्‌स’ या १९६३ च्या चित्रपटाची नायिका टिप्पी हेड्रन तेथे साहाय्यासाठी येत असे. या स्त्रियांना पोट भरण्याजोगी एखादी कला शिकवावी म्हणून शिवण, टंकलेखन असे प्रयत्न चालले होते. पण त्या स्त्रियांचे लक्ष गेले ते हेड्रनच्या सुबक रंगविलेल्या नखांकडे! तेव्हा तिने आपली नखे सजविणारी कारागीर स्त्री तेथे आणविली, जवळच्या सौंदर्यप्रसाधन-शाळेत व्यवस्था लाविली, आणि वीस स्त्रियांची पहिली तुकडी हे काम शिकून तयार झाली. स्वदेशी सुस्थितीत असलेल्या घरांतील या स्त्रिया. नव्या देशात त्यांनी पहिले पाऊल टाकले ते दुसऱ्याची बोटे हातात धरून.

त्या वीस जणींनी आपल्या मैत्रिणींस शिकविले, मैत्रिणींनी नात्यागोत्यातल्यांस. या व्यवसायास भांडवल थोडे लागे, इंग्रजी बेताचेच आले तरी भागे, आणि कॅलिफोर्नियात ४०० तासांचे शिक्षण पुरे करून परीक्षा दिली की परवाना मिळे. पुढे ही परीक्षा व्हिएतनामी भाषेतूनही देता येऊ लागली. ज्याप्रमाणे आपल्याकडे एखाद्या गावचा एक माणूस मुंबईस गिरणीत लागला की सारी भावकी त्याच्या पाठोपाठ येई, त्याचप्रमाणे हे घडले. पूर्वी श्रीमंतांचीच चैन असलेली नखांची सजावट आता कारकून स्त्रीसही परवडू लागली. नखे सजविणाऱ्या दुकानांस तिकडे ‘नेल सलून’ म्हणतात. एकविसाव्या शतकाच्या आरंभी कॅलिफोर्नियातील या कारागिरांपैकी व्हिएतनामी किती, याचे अंदाज ५९ पासून ८० टक्क्यांपर्यंत केले जात. एका निर्वासित समाजाने तीस वर्षांत एक सबंध व्यवसाय उभा केला, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.

परंतु या चकचकीत चित्रास एक दुसरी बाजू होती आणि ती नाकाला आधी समजत होती. सलूनचे दार उघडताच एक उग्र, गोडसर दर्प येतो. गिऱ्हाईक त्या दर्पात तासभर बसते; काम करणारी स्त्री दिवसाचे आठ-दहा तास, आठवड्याचे सहा दिवस बसते, आणि तीही गिऱ्हाइकाच्या हातावर ओणवून, नाक बाटलीपासून वीतभर अंतरावर ठेवून. नखरंग पातळ राहावा म्हणून त्यात टोल्युईन नावाचे द्रावक घालीत. त्याच्या वाफेने डोके दुखते, भोवळ येते, आणि गरोदर स्त्रीच्या पोटातील गर्भासही त्याचा धोका संभवतो. रंग कठीण व्हावा म्हणून फॉर्माल्डिहाइडचा उपयोग करीत. ते मनुष्यास कर्करोगकारक असल्याचा निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली दिला. रंगास तडे जाऊ नयेत म्हणून डायब्यूटिल थॅलेट मिसळीत. ते प्रजननास आणि गर्भाच्या वाढीस बाधक समजले जाते. या तिघांस पुढे ‘विषारी त्रिकूट’ असे नाव पडले. याशिवाय रंग पुसण्याचे ॲसिटोन आणि कृत्रिम नखांसाठी लागणारी मेथॅक्रिलेट जातीची रसायने होतीच. कृत्रिम नखे कानशीने घासताना जो बारीक भुगा उडतो, तो निराळा. कागदी मुखपट्टी बांधली तर भुगा काहीसा अडतो, वाफ मात्र अडत नाही.

हे सारे कायद्याच्या डोळ्यांआड चालले होते असे नव्हे. कायद्याचे डोळेच अधू होते. अमेरिकेतील प्रसाधनांविषयीचा मूळ केंद्रीय कायदा १९३८ चा. त्यानुसार रंगद्रव्यांखेरीज प्रसाधनातील घटकांस बाजारात येण्यापूर्वी सरकारी मान्यतेची आवश्यकता नव्हती. घरगुती ग्राहकासाठी विकल्या जाणाऱ्या बाटलीवर घटकांची यादी छापावी लागे. पण केवळ व्यावसायिकांस विकल्या जाणाऱ्या बाटलीस तो नियम लागू नव्हता. म्हणजे जी स्त्री महिन्यातून एकदा नखे रंगवी तिला आत काय आहे हे वाचता येई, आणि जी दिवसभर तीच बाटली हाताळी तिला मात्र ते कळण्याची सोय नव्हती! हवेतील टोल्युईनची कामगारांसाठी ठरविलेली केंद्रीय मर्यादा १९७० च्या दशकाच्या आरंभीची. ती एकेका रसायनाचा सुटा विचार करून ठरविलेली होती, आणि लहानशा दुकानात दहा वाफा एकत्र कोंडल्या तर काय होते याचे उत्तर तीत नव्हते. पुष्कळ कारागीर स्त्रिया कागदोपत्री नोकर नव्हे, तर स्वतंत्र व्यावसायिक म्हणून गणल्या जात. त्यामुळे कामगारसंरक्षणाचे कायदेही त्यांना बाहेरच ठेवीत.

मग या स्त्रिया बोलत का नव्हत्या? हा प्रश्न परमुलखात राहणाऱ्या कोणासही विचारावा. उत्तर तेच येईल. आपण येथे पाहुणे. पोराबाळांची शिक्षणे व्हावयाची आहेत. गावाकडे पैसे धाडावयाचे आहेत. तक्रार केली तर उद्या काम राहील की नाही कोण जाणे. शिवाय दुकानाची मालकीणही बहुधा आपलीच. काल तीही शेजारच्या खुर्चीवर बसून हेच काम करीत होती. तिच्याविरुद्ध कोणाकडे जावयाचे? डॉक्टरकडे गेले तर तो इंग्रजीत विचारतो. डोकेदुखीवर गोळी देतो. काम कोणते करता, हे विचारीत नाही. अशा रीतीने प्रत्येकीचे दुखणे तिच्या एकटीचे राहिले. प्रत्येकीस वाटे, आपलीच प्रकृती नाजूक.

हे मौन फुटले ते ओकलंड शहरात. तेथील चिनी वस्तीत १९७४ सालापासून ‘एशियन हेल्थ सर्व्हिसेस’ नावाचे एक लोकाश्रयी आरोग्यकेंद्र चालत आले आहे. रोग्याशी त्याच्या भाषेत बोलावयाचे, हे त्याचे ब्रीद. या केंद्राच्या कार्यकर्त्यांच्या कानांवर व्हिएतनामी स्त्रियांची तीच ती गाऱ्हाणी पडू लागली : डोके धरते, हातांना पुरळ येतो, श्वास लागतो, आणि मग आवाज उतरवून, गर्भपाताची आणि मूल न होण्याची गोष्ट. सुटी सुटी ऐकली असती तर ती दहा घरची दहा दुखणी ठरली असती. एका जागी ऐकू आली म्हणून त्यांचा एक प्रश्न झाला. २००५ साली या केंद्राच्या पुढाकाराने ‘कॅलिफोर्निया हेल्दी नेल सलून कोलॅबोरेटिव्ह’ ही संघटना उभी राहिली. तीत आरोग्यसेवक, संशोधक, पर्यावरणवादी, कारागीर स्त्रिया आणि (ही गोष्ट विशेष होय) दुकानांच्या मालकिणीही होत्या. ज्युलिया लिऊ यांनी संघटनेची घडी बसविली, तर संशोधनाची धुरा थू क्वाच या रोगपरिस्थितिशास्त्रज्ञ स्त्रीने वाहिली. क्वाच स्वतः व्हिएतनामी निर्वासित कुटुंबातील. ज्यांचा अभ्यास करावयाचा त्यांच्याच भाषेत त्या वाढल्या होत्या.

संशोधनाची पद्धत समजून घेण्याजोगी आहे. सामान्यतः शास्त्रज्ञ प्रश्न ठरवितो, माहिती गोळा करितो आणि आपला निबंध घेऊन निघून जातो. येथे प्रश्न ठरविण्यापूर्वीच कारागीर स्त्रियांस लहान लहान गटांत व्हिएतनामीत बोलते करण्यात आले, आणि त्या जे बोलल्या त्यांतून पाहणीस दिशा मिळाली. अलामेडा परगण्यातील ७४ सलूनमधल्या २०१ व्हिएतनामी स्त्रियांची पाहणी झाली; तिचा वृत्तान्त २००८ साली प्रसिद्ध झाला. हे काम धरल्यानंतर प्रकृतीची काही ना काही तक्रार सुरू झाली, असे ६२ टक्के स्त्रियांनी सांगितले. त्वचेची आग, श्वासाचा त्रास, बधिरता, डोकेदुखी, अशी द्रावकांच्या वाफेशी जुळणारी लक्षणे ४७ टक्के स्त्रियांनी नोंदविली. ‘आपलीच प्रकृती नाजूक’ या समजुतीस त्या आकड्यांनी कायमची मूठमाती दिली.

तथापि तक्रार म्हणजे पुरावा नव्हे, असे म्हणणारे लोक सर्वत्र असतात. आणि शास्त्राच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नसते. म्हणून पुढच्या पायरीस हवाच मोजावयाची ठरली. २० सलूनमधील ८० स्त्रियांची निवड झाली. त्या ज्या हवेत श्वास घेतात तीच तपासली जावी, यासाठी काम करतानाच त्यांच्या अंगावर मापके लावण्यात आली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात टोल्युईन, मिथाइल मेथॅक्रिलेट आणि बाष्पनशील सेंद्रिय द्रव्यांचे एकूण प्रमाण ही शिफारस केलेल्या पातळ्यांपेक्षा अधिक आढळली. त्यांतले मिथाइल मेथॅक्रिलेट तर असे, की त्याच्या नखांवरील वापरावर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९७० च्या दशकातच कारवाई केली होती!

येथे एक गोष्ट प्रांजळपणे नमूद केली पाहिजे, कारण या स्त्रियांच्या शोधाचे मोल तिच्यामुळेच वाढते. क्वाच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राज्यातील परवानाधारक सौंदर्यव्यावसायिकांची यादी कर्करोगाच्या नोंदवहीशी ताडून पाहिली. भीती होती तशी कर्करोगाची वाढ त्या ताळ्यात दिसून आली नाही. कारागीर स्त्रिया वयाने तरुण, व्यवसायात नव्या. कर्करोगास उमलावयास दशके लागतात. म्हणून हा निष्कर्ष अखेरचा मानता येत नाही. पण संशोधकांनी तो दडविला नाही. जसा मिळाला तसा २०१० साली छापला. पुढे बाळंतपणाच्या नोंदी तपासल्या असता गरोदरपणातील काही गुंतागुंतींचे प्रमाण या व्यवसायातील स्त्रियांत काहीसे अधिक दिसले. तेही त्यांनी तितक्याच संयमाने मांडले. चळवळीच्या उत्साहात आकडा फुगविण्याचा मोह मोठा असतो. तो ज्यांनी आवरला, त्यांच्या बाकीच्या आकड्यांवर विश्वास ठेवणे सोपे जाते.

आता प्रश्न उरला तो उपायाचा. सरळ मार्ग असा, की दुकानांवर छापे घालावे आणि दंड करावा. परंतु दंड भरणार कोण? कर्ज काढून दोन खुर्च्यांचे दुकान मांडणारी मालकीणच. आणि दुकान बंद पडले तर कारागीर स्त्रीचीही चूल विझणार. म्हणून संघटनेने शिक्षेऐवजी सन्मानाचा मार्ग धरला. जे दुकान विषारी त्रिकुटाचा रंग वापरणार नाही, वायुवीजनाची नीट सोय करील, कारागिरांस हातमोजे देईल आणि शिक्षण घेईल, त्यास ‘आरोग्यदायी सलून’ अशी सरकारी मान्यता द्यावी. सॅन फ्रान्सिस्को शहराने २०१० साली तसा ठराव केला. मागोमाग काही परगण्यांनी अशा योजना आखल्या. आणि २०१६ साली कॅलिफोर्निया राज्याने ही पद्धती राज्यभर नेण्यासाठी कायदा संमत केला. मालकिणींनाच शिकवून त्यांच्याकडून कारागिरांस शिकविण्याचाही प्रयोग झाला. शिकविण्याच्या गोष्टी साध्या होत्या : बाटलीस झाकण लावा; रंगाचे बोळे झाकणाच्या डब्यात टाका; दार उघडे ठेवा; पंखा असा ठेवा की वाफ तोंडाकडे न येता तोंडापासून दूर जाईल; आणि कामाच्या मेजावर जेवू नका.

कारखानदारांचे काय? काही मोठ्या कंपन्यांनी २००६ च्या सुमारास हे त्रिकूट वगळीत असल्याचे जाहीर केले आणि बाजारात ‘त्रिकूटमुक्त’ अशा चिठ्ठ्यांच्या बाटल्या आल्या. राज्याच्या विषद्रव्य-नियंत्रण खात्याने २०१२ साली अशा काही बाटल्या तपासल्या, तेव्हा ‘टोल्युईनमुक्त’ म्हणविणाऱ्या १२ पैकी १० उत्पादनांत टोल्युईन निघाले! चिठ्ठीवर विश्वास ठेवून जादा पैसे मोजणाऱ्या मालकिणीची ही फसवणूकच होती. तेव्हा सलूनचे शिक्षण पुरेसे नाही, बाटलीत काय भरले जाते हेच बदलले पाहिजे, असे ठरून या स्त्रिया राज्याच्या राजधानीत जाऊ लागल्या. दुभाष्याच्या साहाय्याने का होईना, पण स्वतःची साक्ष स्वतः देऊ लागल्या. २०१८ साली राज्याने कायदा केला, की व्यावसायिकांस विकावयाच्या प्रसाधनांवरही घटकांची यादी छापलीच पाहिजे. तो १ जुलै २०२० पासून अमलात आला. फॉर्माल्डिहाइड आणि डायब्यूटिल थॅलेट यांसह चोवीस द्रव्ये प्रसाधनांत मिसळण्यास बंदी करणारा कायदा २०२० साली झाला आणि २०२५ च्या आरंभापासून लागू झाला. टोल्युईन असलेली नखांची उत्पादने २०२३ पासून राज्याच्या अग्रक्रमाच्या यादीत आली. त्यामुळे त्यास निर्धोक पर्याय आहे की नाही, हे तपासण्याची जबाबदारी आता उत्पादकावर आली आहे.

हे सारे श्रेय एकट्या या संघटनेचे, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. ग्राहकसंघटना, पर्यावरणसंघटना, लोकप्रतिनिधी असे अनेकांचे हात त्यास लागले. परंतु सभागृहात जे आकडे वाचले गेले त्यांच्यामागे ओकलंडमधील त्या लहान बैठका होत्या, आणि त्या बैठकांत प्रथम तोंड उघडणाऱ्या स्त्रिया होत्या. व्याधी संपली, असेही नव्हे. दुकाने अजून लहान आहेत, दिवस लांब आहेत, आणि नवी नवी रसायने नवी नावे घेऊन येतच असतात. मात्र बाटलीवर काय लिहिले आहे ते आता वाचता येते, आणि कोणाकडे जावयाचे हे ठाऊक झाले आहे.

आता थोडे आपल्याविषयी. आपल्या मंडळाने पन्नास वर्षे पुरी केली. या काळात आपण गणेशोत्सव केले, नाटके बसविली, ग्रंथालय चालविले, मुलांना मराठी शिकविली. संक्रान्तीच्या हळदीकुंकवास स्त्रिया जमतात तेव्हा तिळगूळ देता देता ज्या गोष्टी हळू आवाजात निघतात, त्यांकडे आपण कधी लक्षपूर्वक कान दिला आहे काय? कोणाचे गुडघे, कोणाची साखर, कोणाची न लागणारी झोप. नवऱ्याच्या बदलीमुळे सोडलेली नोकरी आणि त्यानंतर उतरत गेलेली प्रकृती. येथल्या डॉक्टरास नेमके सांगता न आल्यामुळे राहून गेलेला उपचार. त्या एकेकट्या तक्रारी आहेत, की त्यांचे कारण एक आहे, हे विचारल्यावाचून कळावयाचे नाही. विचारणारीही आपल्यातलीच हवी. परक्या पाहणीदाराच्या छापील प्रश्नास ‘तशी बरी आहे’ हेच उत्तर मिळते.

म्हणून लेखिकेची सूचना एवढीच, की एक्कावन्नाव्या वर्षाच्या हळदीकुंकवास वाणाबरोबर एक कोरी वहीही ठेवावी. महिला शाखेच्या दोघी-तिघींनी येणाऱ्या प्रत्येकीस शेजारी बसवून, तिचे नाव न लिहिता, तिच्या दुखण्याची आणि तिच्या कामाची चार ओळींची नोंद घ्यावी. घरकाम हेही कामच होय, हे विसरू नये. वर्षाअखेर ती वही आपल्यातल्या एखाद्या डॉक्टर भगिनीपुढे ठेवावी. काही निघाले नाही, तर तेही जसेच्या तसे सांगावे. ओकलंडच्या स्त्रियांनी आरंभ केला तेव्हा त्यांच्याजवळही आपली भाषा आणि एकमेकींस दिलेला थोडा वेळ, यापलीकडे फारसे काही नव्हते.